६० मीटरवरची बुडालेली जहाजं: के-३५० पाणबुडी बांधावी की ट्रायमिक्स डायव्हिंग शिकावं?

रेतीचा_तळ:
लेक मिशिगनमध्ये ६० मीटरवर पडलेली लाकडी जहाजं बघायची आहेत. तळाचं पाणी ४ अंश. ४० मीटरपर्यंतचं डायव्हिंग कार्ड आणि नायट्रॉक्स (जादा ऑक्सिजनची हवा) झालंय, वेल्डिंग येतं. किट्रेज या डिझायनरच्या के-३५० चे आराखडे हाताशी आहेत (मर्यादा ३५० फूट, म्हणजे १०७ मीटर). एका जहाजाभोवती २० मिनिटं फिरून फोटो काढायचे, एवढंच. पाणबुडीत कोरडं बसायचं आणि डेको (वर येताना टप्प्याटप्प्यानं थांबणं) नाही, म्हणून मन तिकडे ओढतंय.

जड_जोडी:
२० मिनिटांसाठी ट्रायमिक्स, म्हणजे ऑक्सिजन, हेलियम आणि नायट्रोजनचं मिश्रण. ६० मीटरवर दाब ७ बार. मिनिटाला २० लिटर श्वास म्हणजे तिथे १४०. २० मिनिटांचे २८०० लिटर. १२ लिटरच्या जोडीत २०० बारला ४८०० मावतात, तिसरा हिस्सा राखून हाती ३२००. भागतं, ऐसपैस नाही. मिश्रण १८/४५ (१८ टक्के ऑक्सिजन, ४५ टक्के हेलियम). वर येताना २१ मीटरला ५० टक्के ऑक्सिजनचं मिश्रण, ६ मीटरला शुद्ध ऑक्सिजन. पाऊण तासाच्या आसपास लटकायची तयारी ठेवा, नेमकं वेळापत्रक सॉफ्टवेअरवर काढा.

थंडीत रेग्युलेटर गोठतो आणि गॅस धो-धो सुटतो. म्हणून दोन सीलबंद फर्स्ट स्टेज (रेग्युलेटरचा सिलिंडरवर बसणारा भाग), वेगवेगळ्या व्हॉल्व्हवर. ड्रायसूटमध्ये (पाणी आत न शिरणारा सूट) ट्रायमिक्स भरू नका, हेलियम अंगातली ऊब ओढून नेतं. सूटला हवेचा छोटा वेगळा सिलिंडर. एका भरणीत २१६० लिटर हेलियम जातं, खिसा फाटतो तो तिथे.

बॅरोमीटर:
डेको नाही हे खरं, पण हवेचा हिशेब सुटत नाही. पाणबुडीच्या केबिनमध्ये १५०० लिटर हवा धरा. एक माणूस तासाला साधारण ३० लिटर ऑक्सिजन खातो आणि २५ लिटर कार्बन डायॉक्साइड सोडतो. स्क्रबर (कार्बन डायॉक्साइड शोषणारं यंत्र) बंद पडला तर तासाभरात कार्बन डायॉक्साइड पावणेदोन टक्क्यांच्या घरात. ऑक्सिजन तेव्हाही १९ टक्क्यांच्या आसपास असतो. म्हणजे डोकं आधी दुखतं ते कार्बन डायॉक्साइडनं, आणि नुसतं ऑक्सिजनचं मीटर लावून बसलेल्याला कारण कळत नाही. दोन्ही मीटर हवेत, शिवाय हवेचा दाब दाखवणारा साधा ॲनेरॉइड बॅरोमीटर: झाकण लावताना काटा कुठे होता ते लिहून ठेवा. स्क्रबर चालू असताना काटा उतरतो तो खाल्लेल्या ऑक्सिजनमुळे, तेवढाच ऑक्सिजन सिलिंडरमधून सोडा. जास्त सोडलात तर आगीची भीती.

अडकलात तर ७२ तासांचा साठा: ११ लिटरचा एक भरलेला ऑक्सिजन सिलिंडर आणि १५-१८ किलो सोडा लाइम (स्क्रबरमधला शोषक). थंडीत सोडा लाइम मंदावतो, तेव्हा हात आखडू नका.

वेल्डरबुवा:
वेल्डिंग येतं हे अर्धंच झालं. दाबाखाली पाणबुडीचा सिलिंडर चेपतो तो बहुतेक गोलाई बिघडल्यानं. रिंगा जोडताना तापून पत्रा ओढला जातो, म्हणून दर जोडानंतर व्यास चार-सहा दिशांनी मोजा. ॲक्रिलिकच्या खिडक्या स्पिरिटनं किंवा ॲसिटोननं पुसायच्या नाहीत, केसासारख्या चिरा पडतात. पहिली बुडी रिकाम्या पाणबुडीची: दोरावर सोडून ठरवलेल्या खोलीच्या सव्वापट, तासभर.

आणि ६० सेंटिमीटर व्यासाच्या झाकणावर ६० मीटरला १७ टन बसतात. आतून ते उघडत नाही. केबिनमध्ये पाणी घेऊन दाब सारखा करावा लागतो. त्यासाठी आत बेलआउट (बाहेर पडताना श्वासासाठीचा) सिलिंडर हवाच.

रेतीचा_तळ:
ड्रॉप वेट (वर येण्यासाठी टाकायचं सुटं वजन) सोडलं तर झाकणाचा प्रश्नच येणार नाही ना?

वेल्डरबुवा:
मोकळ्या पाण्यात नाही. जुन्या मासेमारीच्या जाळ्यात प्रॉपेलर गुंतला तर वजन टाकूनही ती तिथेच राहते, आणि जाळी हमखास अशा जहाजांवरच अटकलेली असतात. प्रॉपेलरला पिंजरा करा, बाहेर आलेले हुक आणि कड्या काढून टाका. वरच्या नावेत ट्रायमिक्सवाला तयार बसलेला हवा.

जड_जोडी:
म्हणजे कोर्स कुणीतरी करायचाच आहे.