ब्रॉडबँडचं वर्ष संपतंय, केबलवाल्याने भाव वाढवला. कमी कसा करून घ्यायचा? (जळगाव)

मेहरूणकर:
रामराम मंडळी.
मेहरूणमध्ये लोकल केबलवाल्याचं फायबर आहे. १०० एमबीपीएस, सोबत लँडलाइन. गेल्या वर्षी १२ महिन्यांचे ७,०८० भरले (६,००० अधिक १८ टक्के जीएसटी). आता १८ दिवस उरलेत आणि यंदाचा आकडा सांगितलाय ८,४९६. स्पीड तोच, राउटर तोच.
शिवाय पोस्टपेडचा तीन सिमचा फॅमिली प्लॅन आहे, ९९९ अधिक जीएसटी, म्हणजे महिन्याला १,१७८.८२. एक सिम माझं, एक आईचं (ती फक्त कॉल करते), एक धाकट्या भावाचं. तो कामाला सुरतला असतो.
केबलवाल्याशी काय बोलायचं? मोबाइल कंपनीला पोर्टची (नंबर तोच ठेवून कंपनी बदलण्याची) भीती दाखवून काही सुटतं का? आणि लँडलाइनचा ०२५७ चा नंबर दुकानाच्या बोर्डावर रंगवलेला आहे, कंपनी बदलली तर तो राहतो का?

तापीकाठ:
शेवटच्या प्रश्नापासून घेतो. नंबर राहत नाही. आपल्याकडे पोर्टिंग फक्त मोबाइलचं आहे, लँडलाइनचं नाही. बोर्डावर आजच एक मोबाइल नंबर वाढवून घ्या, म्हणजे पुढच्या वर्षी भाव करताना तुमचा हात दगडाखाली नसेल.

आता केबलवाला. बहुतेक लोकल केबलवाले एखाद्या आयएसपीचे (इंटरनेट पुरवणाऱ्या कंपनीचे) फ्रँचायझी असतात. प्लॅनचा दर आयएसपीच्या पोर्टलवर ठरलेला असतो, केबलवाल्याच्या लॉगिनमध्ये यादीतला प्लॅन निवडण्यापलीकडे फारसं काही नसतं. तुम्ही "सहाशेचं पाचशे कर" म्हणालात की तो "सिस्टिममध्येच नाही भाऊ" म्हणतो, आणि ते खरंही असतं. त्याच्या हातात असतो त्याचा वाटा. त्यातून तो जास्तीचे महिने देऊ शकतो, राउटरचं भाडं सोडू शकतो, घरातली वायर फुकट बदलून देऊ शकतो. म्हणून दर सोडा, महिने मागा.

हिशोब असा:
८,४९६ ला १२ महिने: महिना ७०८
१२ + १: महिना ६५३.५०
१२ + २: महिना ६०७
गेल्या वर्षीचा तुमचा दर: महिना ५९०

म्हणजे दोन महिने वाढवून मिळाले तर वाढ १७ रुपयांवर येते. तिथे थांबायला हरकत नाही. सुरुवात मात्र १२ + ३ पासून करा, दोनवर तो स्वतःच येईल.

वेळ आता आहे. संपायच्या आठ-दहा दिवस आधी बोलणं उरकायला हवं. प्लॅन संपला की लाइन आपोआप बंद पडते, आणि बंद लाइनवर घरातलेच म्हणतात, "जाऊ दे ना, भरून टाक."

जायच्या आधी दुसऱ्या कंपनीची फीजिबिलिटी (तिचं कनेक्शन तुमच्या घरी मिळतं का ते) तपासा. ॲपवर पिनकोड टाकून "उपलब्ध" दिसलं तरी त्यावर जाऊ नका. त्यांच्या माणसाला गल्लीत बोलावून खांबावरच्या डब्यात रिकामा पोर्ट (फायबर जोडायची जागा) आहे का ते बघून घ्या. पोर्ट भरलेले असतील तर तुमची धमकी पोकळ, आणि केबलवाल्याला गल्लीतला डबा तुमच्यापेक्षा चांगला माहीत असतो. एअरफायबरचा (वायरीऐवजी टॉवरवरून येणाऱ्या नेटचा) पर्याय सांगणार असाल तर डेटाची मर्यादा बघा: फायबरवर महिन्याला साधारण ३,३०० जीबी मिळतात, एअरफायबरवर १,००० जीबी.

आणि एक, यात माणसं हमखास फसतात. पैसे वर्षाचे घेतात आणि पोर्टलवर रिचार्ज महिन्या-महिन्याचा मारतात. मध्येच लाइन दुसऱ्याला विकली गेली की नवा मालक म्हणतो, "माझ्याकडे तुमचं काही जमा नाही." पैसे दिले की त्याच्यासमोर आयएसपीच्या ॲपमध्ये लॉगिन करून शेवटची तारीख बघा. ती १४ महिन्यांनंतरची दिसली पाहिजे. बक्षीस महिने "नंतर टाकतो" म्हणाला तर बारा महिनेच धरून चाला.

बिल आयएसपीच्या नावाचं, जीएसटी नंबर असलेलंच घ्या. "बिल नको असेल तर जीएसटी सोडतो" हा सौदा नको. पावतीपुस्तकाच्या चिटोऱ्यावर कुठेच तक्रार टिकत नाही. कनेक्शन दुकानासाठी वापरता का? मग बिलावर दुकानाचा जीएसटी नंबर टाकून घ्या. तुम्ही जीएसटीच्या कंपोझिशन योजनेत (छोट्या व्यापाऱ्यांची, त्यात क्रेडिट नसतं) नसाल तर ८,४९६ मधले १,२९६ इनपुट क्रेडिटमध्ये, म्हणजे तुम्ही भरायच्या जीएसटीतून वजा होऊन, मिळतात. एवढी सूट कुठलाच केबलवाला देणार नाही.

भुसावळकर_फायबर:
तापीकाठ यांच्याशी सहमत, पण भाव करायला जाण्याआधी लाइन मोजा. खराब निघाली तर तो तुमचा मुद्दा. चांगली निघाली तर कमी स्पीडच्या प्लॅनमध्ये भागतं का ते कळेल.

वाय-फायवर मोजू नका. लॅपटॉपला लॅन केबल लावा, बाकी सगळं बंद करा, दुपारी एकदा आणि रात्री ९ ते १० च्या मध्ये एकदा, तीन दिवस. स्क्रीनशॉट ठेवा. ९३-९४ दिसले तर कोणी चोरी करत नाहीये. राउटरचा पोर्ट १०० चा असला की त्याच्यावर एवढंच मिळतं. दुपारी ९४ आणि रात्री ३० येत असतील तर केबलवाल्याने मागून घेतलेली बँडविड्थ गिऱ्हाइकांना पुरत नाहीये. त्यावर तो काही करणार नाही, मात्र १२ + २ ला लगेच तयार होईल. दुपारीसुद्धा ३० असेल तर दोष तुमच्या वायरीत असू शकतो.

तो असा बघा. ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ टाका (पत्ता आणि पासवर्ड राउटरच्या खालच्या स्टिकरवर असतो), स्टेटसमध्ये पॉन किंवा ऑप्टिकल माहिती उघडा, तिथे आरएक्स पॉवर (घरापर्यंत पोचणाऱ्या सिग्नलची ताकद) दिसते. उणे १५ ते उणे २४ डीबीएम असेल तर निवांत. उणे २७ च्या पलीकडे गेली की लाइन तुटत राहते आणि एलओएसचा (सिग्नल गेल्याचा) लाल दिवा लागतो. एक-आठचा स्प्लिटर (एका फायबरचे आठ फाटे करणारा) एकटाच साधारण १० डीबी खातो. त्यापुढे खांबावर आणखी एक स्प्लिटर लावलेला असला, डब्याचं झाकण उन्हाने तडकून कनेक्टरवर धूळ बसली असली, किंवा कपाटामागे फायबर कोनात मुडपली असली की संपलं. कनेक्टर शर्टाला पुसू नका, आणि उघड्या टोकात डोळा घालून बघू तर अजिबात नका. लेझर दिसत नाही पण असतो.

आरएक्स उणे २६-२७ असेल तर त्या स्क्रीनचा फोटो दाखवा आणि नूतनीकरणाच्या आधी घरापर्यंतची ड्रॉप वायर नवीन ओढून मागा. पैसे दिल्यावर मागाल तर पाऊस संपेपर्यंत फेऱ्या.

१०० हवेतच का, तेही बघा. एचडी व्हिडिओला ५ एमबीपीएस लागतात, फोर-केला १५ ते २५. दोन टीव्ही एचडीवर आणि एक व्हिडिओ कॉल धरला तरी २० च्या आत. चौघांच्या घराला ५०-६० चा प्लॅन पुरतो. "नेट स्लो आहे" ही तक्रार बहुतेक वेळा २.४ गिगाहर्ट्झच्या वाय-फायची असते, दोन भिंती ओलांडल्या की त्यावर २०-३० च उरतात, मागे प्लॅन कितीचाही असो. महिन्याला राउटरचं भाडं देत असाल तर स्वतःचा ड्युअल बँड राउटर घ्या. फायबर जिथे लागते तो ओएनटी मात्र त्याचाच ठेवावा लागतो, तो सिरियल नंबरने त्यांच्या यंत्रणेत नोंदलेला असतो. ओएनटी ब्रिज मोडला (म्हणजे तो फक्त सिग्नल पुढे देतो, नेट तुमचा राउटर चालवतो) टाकून द्यायला सांगा आणि पीपीपीओईचं (लाइनच्या लॉगिनचं) युजरनेम-पासवर्ड लिहून घ्या. ते देताना कुरकुर होते, पण देतात. फक्त लँडलाइन ओएनटीच्या टेल पोर्टवर (फोनच्या खाचेत) असेल तर ब्रिज केल्यावर ती वाजते का, हे तो माणूस घरातून जायच्या आधी तपासा.

धुळेवाली:
मोबाइलचं मी सांगते.

पोर्टची भीती तोंडी दाखवून काही होत नाही. ज्या नंबरचं करायचं त्याच सिमवरून इंग्रजी अक्षरांत PORT लिहून एक जागा सोडा, पुढे दहा आकडी नंबर, आणि १९०० ला एसएमएस करा. आठ अक्षर-आकड्यांचा यूपीसी (पोर्टिंगचा) कोड येतो, तो चार दिवस चालतो. कोड काढला म्हणजे पोर्ट झालं असं नाही. वापरला नाही तर आपोआप बाद होतो आणि नंबर जागेवर राहतो. पण कोड निघाला की कंपनीच्या त्या विभागातून फोन येतो, ज्याच्याकडे खऱ्या सवलती असतात. साध्या कस्टमर केअरकडे त्या दिसतही नाहीत.

कोड न येण्याची नेहमीची कारणं: याच कंपनीत ९० दिवस झालेले नाहीत, पोस्टपेडचं मुदत संपलेलं बिल थकलंय, किंवा गेल्या सात दिवसांत सिम बदललंय (हा सात दिवसांचा नियम १ जुलै २०२४ पासून आहे).

फोन आला की एवढंच बोला: "तीन सिमला ९९९ जास्त होतात. काय कमी करता ते आकड्यात सांगा, किती महिन्यांसाठी ते सांगा, आणि एसएमएस पाठवा. एसएमएस आला की कोड वापरत नाही." मग गप्प बसा. "ॲपमध्ये २४ तासांत दिसेल" म्हणाले तर म्हणा, दिसल्यावर बोलू, कोडाला चार दिवस आहेत. सवलत तीन-सहा महिन्यांचीच असते, संपायची तारीख कॅलेंडरवर लिहा, नाहीतर पुन्हा जुनं बिल सुरू.

आता तुमचे तीन सिम. खरं तर यात सवलतीपेक्षा प्लॅन मोडण्यात पैसा आहे. आईचं सिम प्रीपेड करा. ट्रायच्या (दूरसंचार नियामकाच्या) डिसेंबर २०२४ च्या आदेशामुळे नुसत्या कॉल-एसएमएसचे पॅक कंपन्यांना ठेवावे लागतात. २०२५ च्या सुरुवातीला ३६५ दिवसांचा असा पॅक १,८४९ ला आला होता, म्हणजे महिना १५४ पडतो. आजचा भाव ट्रायच्या टॅरिफ पोर्टलवर बघून घ्या. दुकानदार हे पॅक आपणहून सांगत नाहीत, "नेट नको, फक्त बोलायचं" असं म्हणावं लागतं.

भाऊ सुरतला म्हणजे गुजरात सर्कल (मोबाइल सेवेचा विभाग). त्याने तिथे पोर्ट केलं तर पाच कामाचे दिवस लागतात, आपल्या सर्कलमधल्या सर्कलमध्ये तीन. रोमिंगला वेगळा आकार नसेल तर नंबर महाराष्ट्राचाच राहू द्या, तिकडे नेऊन फायदा नाही.

फॅमिली प्लॅन मोडताना क्रम चुकवू नका. मुख्य नंबर तुमचा असेल तर आधी आईचं आणि भावाचं सिम वेगळं काढा, मग स्वतःचं बघा. मुख्य नंबर आधी हलवला की जोडलेल्या सिमचं बिल कोणाच्या नावाने फाटेल याचा घोळ होतो. बिल सायकल संपायच्या दोन-तीन दिवस आधी अर्ज टाका. पोर्ट होताना काही तास नेटवर्क जातं, त्या दिवशी बँकेच्या ओटीपीचं काम ठेवू नका.

मेहरूणकर:
बोललो. केबलवाला १२ + २ ला आला, बिलासहित. आरएक्स पॉवर उणे २६.३ निघाली, ड्रॉप वायर बदलून देतो म्हणाला. अडलंय ते राउटरच्या १,५०० डिपॉझिटवर. "जुनं झालं, परत नाही" म्हणतो. यूपीसी अजून काढलेला नाही, आईचं सिम आधी प्रीपेड करतोय.

तापीकाठ:
डिपॉझिटची पावती आहे का? त्यावर "परतावा योग्य" किंवा नुसतं "डिपॉझिट" लिहिलं असेल तर पैसे तुमचेच. "इन्स्टॉलेशन" लिहिलं असेल तर सोडून द्या, त्यावर भांडण्यात अर्थ नाही. डिपॉझिट असेल तर आत्ता रोख मागू नका. नवीन बिलावर "राउटर डिपॉझिट १,५०० जमा" अशी ओळ लिहून घ्या, ओएनटीचा सिरियल नंबरही त्याच ओळीत. उद्या कनेक्शन बंद करायची वेळ आली की यंत्र देताना ॲडॉप्टरसकट फोटो काढा आणि पोच घ्या. ॲडॉप्टर नव्हता म्हणून पैसे कापणं ही जुनी सवय आहे.
नाही ऐकलं तर केबलवाल्याशी वाद घालू नका, आयएसपीच्या तक्रार केंद्रात नोंदवून डॉकेट (तक्रारीचा) नंबर घ्या. तिथे निकाल लागला नाही तर त्याच कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे, फुकट आहे. तेही नाही झालं तर ग्राहक हेल्पलाइन १९१५.

भुसावळकर_फायबर:
वायर बदलली की पैसे देण्याआधी आरएक्स पुन्हा बघा भो. उणे २२ च्या आसपास आली पाहिजे. अजून २६ च असेल तर दोष खांबावरच्या डब्यात आहे, माणसाला शिडीसकट परत पाठवा.