मदत हवी आहे: कार्पेंटर्सची जुनी कॅसेट, जळगाव-भुसावळकडे कोणी दुरुस्त करतं का?

नमस्कार मंडळी. भुसावळच्या मामांकडे कार्पेंटर्स या अमेरिकन बहीणभावांच्या (कॅरन आणि रिचर्ड) गाजलेल्या गाण्यांची कॅसेट आहे, 'द सिंगल्स १९६९-१९७३'. आतल्या टेपवर पांढरी बुरशी धरलीय, आणि प्लेअरच्या हेडवर (टेप वाचणाऱ्या भागावर) टेप दाबणारा फोमचा तुकडाही निघालाय. तशीच लावली तर प्लेअर टेप खाईल, म्हणून अजून वाजवलेली नाही.

'मोबाइलवर ऐका ना भाऊ' असं कोणीतरी म्हणेलच! पण मामांना हाच संग्रह हवाय. १९७३ च्या या संग्रहात कॅरनने नव्याने गायलेलं 'टॉप ऑफ द वर्ल्ड' आहे. १९७२ च्या 'अ साँग फॉर यू' अल्बममधलं वेगळं. शिवाय रिचर्डने काही गाणी मधे न थांबता एकमेकांत गुंफलीत. सुटी गाणी जमवून ती मजा येत नाही.

तर जळगाव, भुसावळ किंवा धुळ्याला टेप साफ करून दुसऱ्या कॅसेटच्या खोक्यात बसवून देणारं कोणी आहे का? चालू कॅसेट डेक असलेलं कोणी भेटलं तरी चालेल, रेकॉर्डिंग मी लॅपटॉपवर करून घेईन. कुरियरने पाठवायची नाही, या उन्हात तर नाहीच. आणि बुरशी घरी पुसता येते का? स्पिरिटने टेपवरचा आवाज साठवणारा थरही निघतो म्हणतात, खरं आहे का?