प्रति: ड्रुपल ७ वरून थेट १० वर

ड्रुपल (संस्थळे बनवण्याची व चालवण्याची प्रणाली) ७ वरून थेट १० वर कसे जावे, या प्रश्नावर जुन्याच संस्थळावर नवी आवृत्ती चढवावी, अशी सूचना आली आहे. ती ड्रुपल ८ वरून ९ वर जाताना ठीक आहे. ७ च्या बाबतीत ती लागू पडत नाही. २०१५ मध्ये आलेली आठवी आवृत्ती सिम्फनी या पीएचपी भाषेतील तयार चौकटीच्या घटकांवर नव्याने रचली गेल्यामुळे ७ वरून निघताना वेगळे, रिकामे संस्थळ उभारून मायग्रेट या मजकूर हलवणाऱ्या मोड्यूलने (जोड-भागाने) त्यात मजकूर आणावा लागतो (थीम, म्हणजे संस्थळाचे दृश्य रूप, तर ट्विग या साचे लिहिण्याच्या भाषेत पुन्हा लिहावीच लागते).

पुण्यातील एका ग्रंथालयाचे संस्थळ असे हलवताना आमचा वेळ खाल्ला तो लेखांत हाताने घातलेल्या चित्रांनी. त्यांचे मार्ग मजकुराच्या एचटीएमएलमध्येच असल्याने फाइलींच्या नोंदी नीट उतरल्या, तरी फोल्डरचे नाव बदलताच चित्रे दिसेनाशी झाली. त्यामुळे जुनी फोल्डर-रचना शक्यतो तशीच ठेवावी.