मदत हवी आहे: कथेतली ३५ सेकंदं कापून वेगळी टाकली, तर कायदा काय पाहतो? क्लिप की अख्खी कथा?

मंडळी, नमस्कार.

आम्ही तिघं मराठी कथांचं वाचन रेकॉर्ड करून नेटवर टाकतो. मागच्या महिन्यात लेखिकेच्या परवानगीने ४० मिनिटांची एक कथा वाचली. लग्नाच्या पहिल्या रात्री झालेली जबरदस्ती त्यातली बाई स्वतः सांगते, अवयवांची नावं न लपवता. ऐकताना घशात आवंढा येतो, दुसरं काही मनात येत नाही. पण आमच्यातल्या एकाने जाहिरात म्हणून नेमका तोच प्रसंग कापून व्हॉट्सॲपवर फिरवला. आता एक श्रोता म्हणतोय, "हे अश्लील आहे, पोलिसांत जातो." क्लिप लगेच काढली. कथा काढायची माझी अजिबात इच्छा नाही.

मी वकील नाही, दोन रात्री कलमं वाचत बसले. दंड संहितेचं २९२ (आता न्याय संहितेचं २९४) सांगतं की मजकूर समग्रपणे पाहायचा. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६७ मध्ये बाकीची भाषा जवळपास तीच आहे: कामुक, वासना चाळवणारं, वाचणाऱ्या-पाहणाऱ्या-ऐकणाऱ्याला बिघडवणारं. 'समग्रपणे' मात्र तिथे नाही! आणि शिक्षा पहिल्याच वेळी ३ वर्षांपर्यंत कैद नि ५ लाखांपर्यंत दंड.

सर्वोच्च न्यायालयाच्या अवीक सरकार निकालाने (२०१४) १८६८ ची इंग्रजी हिक्लिन कसोटी (सुटा उतारासुद्धा सहज बिघडू शकणाऱ्या मनावर काय परिणाम करेल, एवढंच पाहणारी) बाजूला ठेवून आजच्या समाजाचे निकष धरले, हे वाचून धीर आला. पण हातात क्लिपच असलेल्या माणसाला संदर्भ कुठून कळणार? जाणकारांनी कृपया सांगावं, फार काळजीत आहे.

प्रतिसाद:

ताई, आधी त्याच माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६७ब चा शेवट वाचा. साहित्य, कला, विज्ञान, लोकहित यांसाठीची सूट तिथे लिहिलीय आणि ती ६७ लाही लागू आहे. संदर्भाचं म्हणाल, तर २०२४ मध्ये एका वेब मालिकेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ६७ खालीच सांगितलं की शिवराळ भाषा म्हणजे अश्लीलता नव्हे आणि वाक्यं सुटी काढून बघायची नाहीत. आपल्याकडचं उदाहरण लेखक चंद्रकांत काकोडकरांचं. १९६२ च्या दिवाळी अंकातल्या त्यांच्या मराठी कथेवरून खटला झाला, १९६९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना निर्दोष सोडलं.

तरी क्लिप ही तुमची कच्ची बाजू आहे, कारण ती तुम्हीच वेगळी करून पाठवलीत. फौजदारी वकिलाला आजच भेटा. जाताना पूर्ण रेकॉर्डिंग, लेखिकेचं परवानगीपत्र आणि क्लिपसोबत गेलेला मूळ मेसेज घेऊन जा. त्या मेसेजमध्ये कथेचं नाव आणि दुवा होता का? असेल तर तो मेसेज कुणालाही पुसू देऊ नका.

धागाकर्ती:

होता, दोन्ही होते. स्क्रीनशॉट घेतला. उद्या सकाळची वेळ मिळालीय वकिलांची.