न्यू जर्सीहून ओंटारिओत आणलेली हायब्रिड, बॅटरी गेली म्हणतात, वॉरंटी नक्की कोणाकडे मागायची?

सोनचाफा

नमस्कार मंडळी, थोडं लांबलचक होणार आहे पण सगळं एकदाच सांगते.

आम्ही जून २०२२ मध्ये एडिसनहून मिसिसागाला आलो. ग्रीन कार्डच्या रांगेचं काय ते इथे बऱ्याच जणांना सांगायला नको, कॅनडाचा पीआर आला आणि निघालो. येताना आमची हायब्रिड सेडान पण आणली, ऑगस्ट २०१७ मध्ये तिथल्या शोरूममधून नवी घेतली होती, सगळं सर्व्हिसिंग त्याच डीलरकडे आणि कागद न कागद जपून ठेवलाय. बॉर्डरवर सामानाच्या बी-फोर यादीत गाडी लिहिली म्हणून ड्यूटी पडली नाही, मग आरआयव्हीचा (बाहेरून आणलेल्या गाड्यांची नोंद ठेवणारी कॅनडातली यंत्रणा) फॉर्म वन, ४५ दिवसांच्या आत तपासणी, तेही कॅनेडियन टायर या दुकानाच्या गॅरेजमध्ये जाऊन केलं. त्याच्यासाठी कंपनीचं रिकॉल (सदोष भाग दुरुस्त करायला कंपनीने गाड्या परत बोलावणं) क्लिअरन्सचं पत्र लागतं, ते मिळालं तेव्हा मला वाटलं झालं, कंपनीला माहितीये गाडी आता कॅनडात आहे आणि त्यांची काही हरकत नाही. इथेच माझं चुकलं असं आता वाटतंय.

ऑक्टोबरच्या शेवटी ४०३ हायवेवर असताना लाल त्रिकोण लागला, स्क्रीनवर 'चेक हायब्रिड सिस्टीम', आणि गाडीचा जोरच गेला. मागे कार सीटमध्ये लेक होती, ट्रक बाजूने जात होते, कशीबशी शोल्डरला घेतली. टो करून इथल्या कंपनीच्या डीलरकडे नेली. त्यांनी कोड काढला पी०ए८०, म्हणाले हायब्रिड बॅटरी बदला, ५,८०० डॉलर अधिक १३ टक्के एचएसटी टॅक्स, म्हणजे साडेसहा हजारांच्या वर.

आता मुद्दा असा की माझ्या अमेरिकेतल्या बुकलेटमध्ये हायब्रिड बॅटरीला ८ वर्षं किंवा १ लाख मैल आहे, पण कॅलिफोर्नियाचे एमिशनचे नियम घेतलेल्या राज्यांत १० वर्षं किंवा दीड लाख मैल, आणि न्यू जर्सी त्या राज्यांत येतं. गाडी ९४ हजार मैल चाललीये. ८ वर्षं ऑगस्टमध्ये संपली, १० व्हायला अजून पावणेदोन वर्षं आहेत! इथला डीलर म्हणतो तुमचा विन (गाडीचा ओळख) नंबर अमेरिकेतला, आमच्या सिस्टीममध्ये कॅनडाची वॉरंटी दिसतच नाही, विषय संपला. कंपनी तीच, बॅटरी तीच, मग वॉरंटी बॉर्डरवर कुठे गळून पडली? कोणी यातून गेलंय का? साडेसहा हजार डॉलर आमच्यासाठी आत्ता खरंच मोठी रक्कम आहे.

पैलतीर

ताई, मी बॉर्डरच्या अमेरिकेकडच्या बाजूला बफेलोला राहतो, सासुरवाडी हॅमिल्टनची, त्यामुळे दोन्हीकडचे असे किस्से कानावर येत असतात. पहिल्यांदा वाईट बातमी सांगून टाकतो. कंपनीचं नाव एक असलं तरी अमेरिकेतली कंपनी आणि कॅनडातली कंपनी कायद्याने वेगळ्या असतात, आणि नव्या गाडीची वॉरंटी त्या त्या देशातली कंपनी आपण विकलेल्या गाडीला देते. बुकलेटच्या सुरुवातीच्या पानांवर 'कुठे लागू' असं एक वाक्य असतं, ते शब्द न शब्द वाचा. काही कंपन्या लिहितात की अमेरिकेत किंवा कॅनडात नोंदणी असलेली गाडी चालेल, काही स्पष्ट म्हणतात की देशाबाहेर नोंदणी झाली की संपलं. हे कंपनीगणिक बदलतं म्हणून दुसऱ्याच्या गाडीचा अनुभव तुम्हाला लागू होईलच असं नाही.

आणि ते १० वर्षांचं प्रकरण. ती मुदत एमिशन वॉरंटीतून येते, आणि ती त्या राज्यांत नोंदणी असलेल्या गाडीसाठी असते. न्यू जर्सीत नवी घेतली एवढं पुरत नाही, आज नोंदणी कुठे आहे तेही बघतात. ओंटारिओची पाटी लागली म्हणजे त्या मुद्द्यावर तुमची बाजू लंगडी पडते. मला हे लिहायला बरं वाटत नाहीये पण खोटी आशा देऊन काय उपयोग.

रिकॉलच्या पत्राचं म्हणाल तर त्यात फक्त एवढंच असतं की गाडीवर सुरक्षेचा कुठलाही रिकॉल बाकी नाही. वॉरंटीशी त्याचा संबंध नसतो, पण तुमच्यासारखी गल्लत खूप जणांची होते.

तरी एक करा, अमेरिकेतल्या कस्टमर केअरला फोन करून केस नंबर उघडा, सर्व्हिसचे सगळे कागद पाठवा आणि 'गुडविल' हा शब्द वापरा. मुदत संपून थोडेच महिने झालेत आणि सर्व्हिसिंग सगळं डीलरकडे झालंय, अशा वेळी कंपन्या कधी कधी काही हिस्सा उचलतात. हक्क नाहीये तो, पण मागायला काहीच हरकत नाही. काम अमेरिकेतल्या डीलरकडे करा म्हणतील बहुतेक, मग इकडे या, घर आपलंच आहे.

सोनचाफा

पैलतीर, एवढं सविस्तर लिहिलंत, मनापासून आभार. बुकलेट वाचलं, आमच्यात 'अमेरिकेत नोंदणी असलेल्या' असंच आहे. आणि इकडे या म्हणालात पण आमचे पासपोर्ट भारतीय, अमेरिकेचा व्हिसा दोघांचाही संपलाय, सिटिझनशिपचा अर्ज आत्ताच केलाय. मिसिसागाहून बफेलो दोन तासांवरसुद्धा नाही पण आमच्यासाठी ते आत्ता सातासमुद्रापार आहे. नवऱ्याचा एक मित्र कॅनडाचा नागरिक आहे, तो आमचं संमतीपत्र घेऊन गाडी नेईन म्हणतोय.

पान्हा_पक्कड

थांबा थांबा, मित्राला गाडी घेऊन पाठवू नका!! लाल त्रिकोण लागलेली हायब्रिड क्यूईडब्ल्यू हायवेवर दीडशे किलोमीटर चालवायची नसते, मध्येच जोर काढून घेते किंवा बंदच पडते, तुम्ही एकदा अनुभवलंयच. नेलीच तर फ्लॅटबेडवर, म्हणजे सपाट ट्रकवर चढवून.

मी पुण्यात ऑटोमोबाइल डिप्लोमा करून आलो, गेली अकरा वर्षं इकडे स्कारबरोत गॅरेजमध्ये आहे आणि त्यातली निम्मी हायब्रिडवर. माझं म्हणणं आधी हे की पी०ए८० म्हणजे 'बॅटरी पॅक बदला' असं पुस्तकात लिहिलेलं असतं म्हणून डीलर तेच वाचून दाखवतो. प्रत्यक्षात कॉम्प्युटरला एवढंच दिसलेलं असतं की पॅकमधल्या ब्लॉकांच्या (सेलच्या गटांच्या) व्होल्टेजमध्ये जास्त फरक पडलाय. तो फरक का पडला हे उघडून बघावं लागतं. डीलरकडून फ्रीझ फ्रेम डेटा मागा, म्हणजे कोड लागला त्या क्षणाला प्रत्येक ब्लॉकचं व्होल्टेज किती आणि बॅटरीचं तापमान किती होतं. डायग्नोसिसचे पैसे दिलेत ना, मग तो कागद मागायला संकोच कसला.

मागच्या सीटच्या बाजूला प्लास्टिकची जाळी असते बघा, बॅटरीचा पंखा तिथून केबिनमधली हवा ओढतो. लहान मूल असलेल्या घरात तिथे बिस्किटांचा चुरा, केस, ब्लँकेटची लव, सगळं जाऊन बसतं आणि बऱ्याच जणांना त्याच्या आत फिल्टर असतो हेही माहीत नसतं. हवा बंद झाली की पॅक तापतो, मधले सेल जास्त तापतात आणि तेच आधी मरतात. दुसरं म्हणजे सेल एकमेकांना जोडणाऱ्या तांब्याच्या पट्ट्या, त्यांच्यावर हिरवट गंज चढला की रीडिंग चुकीचं येतं, पट्ट्या साफ करून गाडी पुढे वर्ष दोन वर्षं धावलेली मी स्वतः पाहिलीये. आणि बारा व्होल्टची छोटी बॅटरी पण तपासून घ्या, हायब्रिडमध्ये ती इंजिन फिरवत नाही पण सगळे कॉम्प्युटर तिच्यावरच जागे होतात, थंडीत ती खचली की काय वाट्टेल ते दिवे लागतात. तुमच्या कोडचं कारण ती असेल असं नाही म्हणत, पण सोबत बघून घ्यायची.

घरी यूट्यूब बघून काही उघडू नका प्लीज. केशरी केबल म्हणजे दोनशे व्होल्टच्या वर डीसी आहे, माणूस जातो त्यात.

आणि जुन्या सेलमधून जोडून केलेले 'रिफर्बिश्ड' पॅक स्वस्तात मिळतात, त्यांच्या नादाला लागू नका असं मी आमच्या गिऱ्हाईकांना सांगतो. एक कमजोर मॉड्यूल काढून दुसरं जुनं घातलं की चार महिन्यांनी तिसरं जातं. घालायचाच तर नवा पॅक घाला, आणि त्या पॅकची वॉरंटी किती वर्षं, मजुरी धरून की नुसती पार्टची, हे बिलावर लिहून घ्या. नव्या पार्टची वॉरंटी त्या बिलावर चालते, गाडी कुठून आली याच्याशी तिचं देणंघेणं नसतं.

नायगाराकाठचा

मी या वाटेने फार आधी गेलोय म्हणून लिहितो. सप्टेंबर २००७ मध्ये कॅनडाचा डॉलर अमेरिकेच्या डॉलरच्या बरोबरीला आला, १९७६ नंतर पहिल्यांदाच. अचानक तीच गाडी पलीकडे हजारो डॉलरने स्वस्त, अख्खं ओंटारिओ बॉर्डरवरच्या पीस ब्रिजवर लोटलं होतं असं म्हटलं तरी चालेल. त्या लाटेत मी पण हायब्रिड आणली. पलीकडचे काही डीलर तर ओंटारिओचा पत्ता बघून नवी गाडी विकायलाच तयार नव्हते तेव्हा, तरी मला कळलं नाही. तिसऱ्या वर्षी इन्व्हर्टर गेला, इथल्या डीलरने हात वर केले, शेवटी पलीकडे नेऊन वॉरंटीत केलं कारण माझ्या बुकलेटमध्ये कॅनडाचा उल्लेख होता. एक सांगतो, गाडी पलीकडे दुरुस्त करून आणली की परत येताना बॉर्डरवर सांगायचं, बिल शून्य डॉलरचं असलं तरी दाखवायचं. लपवून पकडले गेलात तर दंड आणि मनस्ताप वेगळा.

सोनचाफा ताईंचं प्रकरण सामान घेऊन येणाऱ्याचं आहे, त्यांचा दोष काहीच नाही. पण जे कोणी इथे ओंटारिओतच डीलरकडून वापरलेली हायब्रिड घेताय आणि विन नंबर बघून अमेरिकेतून आलेली वाटतेय त्यांनी लक्षात ठेवा, कंपनीची वॉरंटी रद्द झाली असेल तर ओम्व्हिकच्या (ओंटारिओतल्या गाडी-डीलरांवर लक्ष ठेवणारी संस्था) नियमांप्रमाणे डीलरने ते करारावर लिहून द्यायलाच हवं. त्या ओळीवर बोट ठेवून विचारा. नुसतं तोंडी 'बॅलन्स फॅक्टरी वॉरंटी आहे' म्हणाला की समजा नाही. खाजगीत घेतलीत तर हे संरक्षण पण नाही.

सोनचाफा

तीन आठवड्यांनी अपडेट देतेय, उशिराबद्दल माफ करा, घरात सगळे आळीपाळीने आजारी होते.

पान्हा_पक्कड, तुम्ही सांगितलंत ते सगळं करून घेतलं, डीलरकडून कागद घेतला आणि गाडी टो करून एटोबिकोच्या एका हायब्रिडवाल्या गॅरेजमध्ये नेली. फिल्टर काढला तेव्हा त्याने मला बोलावून दाखवला, राखाडी गादी झाली होती त्याची. आठ वर्षांत न्यू जर्सीत काय नि इथे काय एकाही सर्व्हिसिंगमध्ये तो साफ केल्याची नोंद नाहीये, मी सगळी बिलं रात्री बसून तपासली. इतके पैसे देऊन सर्व्हिसिंग करायचं आणि ही एक गोष्ट कोणी सांगू नये याचं फार वाईट वाटलं. पट्ट्यांवर गंज होता तो साफ केला, पण दोन ब्लॉक तरीही खालीच आहेत, लोड दिला की पडतात. म्हणजे बॅटरी खरंच गेलीये. नवा पॅक ३,४०० डॉलर मजुरीसकट, टॅक्स वेगळा, चार वर्षं वॉरंटी पार्ट आणि मजुरी दोन्हीवर, लिहून देतोय.

कंपनीचं म्हणाल तर कॅनडावाल्यांनी मेलवर सरळ नकार दिला. अमेरिकेवाल्या बाईंनी नीट ऐकून घेतलं, केस उघडली, दहा दिवसांनी सांगितलं की नोंदणी बाहेरची असल्यामुळे १० वर्षांची मुदत लागू नाही, गुडविल म्हणून पार्टच्या किमतीतला तिसरा हिस्सा देऊ पण काम अमेरिकेतल्या डीलरकडे. हिशोब मांडून बघितला. तिकडच्या डीलरचा दर, इथून फ्लॅटबेड, मित्राची सुट्टी, येताना बॉर्डरवरचा टॅक्स, सगळं धरून तो इथल्या ३,४०० च्या वरच जातोय. नाही म्हणून कळवलं.

बुधवारी गाडी टाकतेय. एक शेवटचं विचारायचं होतं, जुना पॅक त्यांना द्यायचा की आपण ठेवून घ्यायचा?

पान्हा_पक्कड

द्या त्यांनाच. त्याला कोअर म्हणतात, परत दिला की पैसे वळते होतात, ३,४०० मध्ये ते आधीच धरलेत का एवढं फोन करून विचारा. आणि नवा पॅक बसवताना पंख्याची पाती पण साफ करायला सांगा, नुसता फिल्टर नको, पात्यांवर तोच थर बसलेला असणार. पुढे दर सहा महिन्यांनी ती जाळी तुम्हीच व्हॅक्यूमने ओढून घ्या, पाच मिनिटांचं काम आहे.

पैलतीर

ताई, सिटिझनशिप झाली की बफेलोला या नक्की, गाडी दुरुस्त करायला नाही, जेवायला.