चपलांच्या रेटिंगला साधा ट्री नको

कोल्हापूरच्या चप्पल लाईनवर खरेदी करणाऱ्या पर्यटकांनी दिलेल्या १ ते ५ रेटिंगचा अंदाज बांधायला साधा क्लासिफिकेशन ट्री (प्रश्नांच्या फांद्या पाडत डेटा गटांत वाटणारं आणि प्रत्येक रेटिंगला वेगळा प्रकार मानणारं मॉडेल) चालेल का, असं एकाने विचारलंय. त्यावर सरळ रिग्रेशन ट्री (रेटिंगला साधा आकडा मानून गटाची सरासरी देणारा) लावा, असा सल्ला आलाय. मला दोन्ही पटत नाहीत.

क्लासिफिकेशन ट्रीमधला गिनी निर्देशांक, म्हणजे गटात किती सरमिसळ आहे त्याचं माप, रेटिंगचा क्रम बघतच नाही. एका नोडमध्ये (ट्रीने पाडलेल्या गटात) निम्मे ४ आणि निम्मे ५, दुसऱ्यात निम्मे १ आणि निम्मे ५, तरी दोन्हीकडे गिनी ०.५ च येतो. पहिल्यात सगळे खूश आहेत, दुसऱ्यात निम्म्यांचे पाय सोललेत, हा फरक त्याला दिसत नाही! रिग्रेशन ट्रीला तो दिसतो, पण १ ते २ आणि ४ ते ५ हे अंतर तो सारखंच धरतो. शिवाय त्या दुसऱ्या नोडचं उत्तर देतो ३, म्हणजे एकाही गिऱ्हाइकाने न दिलेलं.

'आर' या संख्याशास्त्राच्या प्रोग्रॅमिंग भाषेत आरपार्टस्कोअर (rpartScore) हे पॅकेज याचसाठी आहे. अंदाज जितक्या पायऱ्यांनी चुकेल तितका दंड, हवा तर त्या पायऱ्यांचा वर्ग (स्क्वेअर). छाटणीसुद्धा (ट्रीच्या नको त्या फांद्या कापणं) याच दंडावर करता येते, ती तशीच करा. 'आर'च्याच पार्टीकिट (partykit) पॅकेजमधला सीट्रीही (ctree) चांगला, फक्त रेटिंगचा कॉलम आधी ऑर्डर्ड फॅक्टर, म्हणजे क्रम असलेले प्रकार, करून घ्या. हे राहिलं तर सगळी मेहनत पाण्यात.

आणि एकाच दुकानाची पंचवीस-तीस गिऱ्हाइकं असतील तर त्यांची उत्तरं एकमेकांपासून स्वतंत्र नाहीत. क्रॉस व्हॅलिडेशन (डेटाचे गट पाडून, एकेक गट बाजूला ठेवून त्यावर मॉडेल तपासणं) करताना अख्खं दुकान एका गटात ठेवा.