बॉटम लाइन, आफ्टरबर्न आणि कापलेली खडाखडी

मंगळवारचा_उपाशी (धागाकर्ता)
शाळेत असताना डब्ल्यूडब्ल्यूई या अमेरिकन कुस्ती कंपनीचा 'रॉ' हा दर आठवड्याचा कार्यक्रम मी कधी धड पाहिला नाही. अमेरिकेतली सोमवारची रात्र म्हणजे आपली मंगळवारची पहाट. पुनःप्रक्षेपण लागायचं तेव्हा मी क्लासला आणि रात्री रिमोट आईच्या ताब्यात. त्यामुळे माझं सगळं शिक्षण झालं ते टेन स्पोर्ट्स वाहिनीवरच्या 'बॉटम लाइन' आणि 'आफ्टरबर्न'वर. पहिल्यात रॉचा गाळीव तास, म्हणजे नुसते निवडक तुकडे, दुसऱ्यात त्यांच्याच 'स्मॅकडाउन' या दुसऱ्या कार्यक्रमाचा. दोन्ही २००२ चे, कंपनीने पैलवान या दोन कार्यक्रमांसाठी दोन गटांत वाटले तेव्हाचे. अमेरिकेत हे कार्यक्रम वेगवेगळ्या स्थानिक वाहिन्यांना दिले जायचे. तिथे ते २००५ मध्ये गुंडाळले, बाहेरच्या देशांत मात्र चालू राहिले.

माझं म्हणणं एवढंच की गाळीव तास हाच या खेळाचा खरा आकार. २०१२ मध्ये रॉ तीन तासांचा झाला. त्यात माइक हातात घेऊन बडबड, जाहिराती आणि वर मागच्या आठवड्याची उजळणी. त्यांचा पैलवान एडी गरेरो आठवा. पंच पाठमोरा झाला की हा खुर्ची समोरच्याच्या हातात फेकणार आणि स्वतः डोकं धरून आडवा होणार. पंच वळतो, खुर्ची बघतो, समोरचा बाद! दहा सेकंदांचा फार्स. त्याला तीन तास कशाला?

लाल_माती
असहमत, आणि जोरात. मी कोल्हापूरचा, चार वर्षं तालमीत अंग घासलंय. खासबागेत मोठी जोड लागली की सुरुवातीला दोघं नुसते मानेवर हात टाकून एकमेकांना जोखत असतात. नवख्याला वाटतं, काहीच चाललेलं नाही. पण वस्ताद तेव्हाच सांगतात, कुणाचा दम आधी तुटणार. ती खडाखडी कापून नुसती चितपट दाखवली तर हलगी वाजतेय कशासाठी तेच कळायचं नाही.

तुमच्या डब्ल्यूडब्ल्यूईतलंच उदाहरण देतो. जून १९९८, पिट्सबर्ग. अंडरटेकरने मॅनकाइंडला, म्हणजे मिक फोलीला, रिंगभोवतीच्या पिंजऱ्याच्या छतावरून खाली टेबलावर फेकलं. हा तुकडा हजार वेळा दाखवला असेल. पण त्या रात्रीची खरी गंमत त्याच्या नंतर आहे राव. मिक फोलीला स्ट्रेचरवर घालून नेत होते, तो त्यावरून उठला आणि परत पिंजऱ्यावर चढला! मग छत फोडून आत कोसळला, दात तुटून नाकात गेला. पडणं कुणीही कापून दाखवेल. उठायला लागलेला वेळ कापला की माणूस गेला आणि उरलं नुसतं बुजगावणं.

चहा_खारी
कसली चर्चा करताय? सगळी नुरा कुस्ती. निकाल आधीच ठरलेला. तासभर बघा नाहीतर तीन तास.

लाल_माती
@चहा_खारी, नाटकाचा शेवटही ठरलेला असतो. मधल्या अंकात उठून जाता का?

जर्सी_सिटीकर
मी इथे अमेरिकेत ८७ साली आलो, तेव्हाचं सांगतो. 'डब्ल्यूडब्ल्यूएफ सुपरस्टार्स' (डब्ल्यूडब्ल्यूएफ हे कंपनीचं तेव्हाचं नाव) हा १९८६ पासून अमेरिकाभर स्थानिक वाहिन्यांवर दिसणारा कार्यक्रम. त्यात नावाजलेला पैलवान एखाद्या अनोळखी गड्याला दोन मिनिटांत लोळवायचा. त्या बिचाऱ्यांना इथे 'जॉबर' म्हणतात, हरणं हीच नोकरी. एकाच दिवशी एकाच सभागृहात तीन-तीन आठवड्यांचे भाग चित्रित करून ठेवायचे आणि मध्ये प्रत्येक शहरासाठी वेगळा तुकडा घालायचे: अमुक तारखेला आम्ही तुमच्या गावात येतोय, या.

म्हणजे मुळात हा कार्यक्रम गावभर फिरणाऱ्या रिक्षातला भोंगा होता. खरा माल तिकीट काढून बघायचा. बॉटम लाइन त्याच घराण्यातलं, त्यामुळे त्यालाच खेळाचा 'खरा आकार' म्हणणं मला गमतीचं वाटतं. (आणि नुरा कुस्तीचं म्हणाल तर ते कंपनीने स्वतःच १९८९ मध्ये आमच्या न्यू जर्सीच्या सिनेटपुढे सांगून टाकलं होतं. क्रीडा आयोगाचे नियम आणि कर टाळायचे होते ना!)

मंगळवारचा_उपाशी
काका, भोंगा तर भोंगा. आमच्या गावात तुमची सर्कस कधी आलीच नाही, आम्ही भोंग्यावरच वाढलो. २००७ मध्ये आपल्या खलीने विजेतेपदाचा पट्टा जिंकला, तोही आम्ही असाच तुकड्यातुकड्यांत पाहिला. खरं सांगू? खलीची कुस्ती अखंड बघणं ही शिक्षा होती. कात्रीने त्याच्यावर उपकारच केले.

कात्रणवही
कात्रीचा विषय निघालाच आहे म्हणून. मार्च २००४, न्यूयॉर्कचं मॅडिसन स्क्वेअर गार्डन, रेसलमेनिया, म्हणजे कंपनीचा वर्षातला सगळ्यात मोठा कार्यक्रम. शेवटी क्रिस बेन्वा आणि एडी गरेरो, दोघं विजेते, रिंगमध्ये गळ्यात पडून रडतात. मी लहानपणी पाहिलेलं सगळ्यात सुंदर दृश्य. जून २००७ मध्ये बेन्वाने बायको आणि मुलाला मारून स्वतःचा जीव घेतला. त्यानंतर कंपनीच्या जुन्या क्षणांच्या कार्यक्रमांतून तो गायबच झाला. त्यांचा निर्णय मला पटतो, मलाही आता ते बघवत नाही. पण जो हायलाइट्सवर वाढला त्याच्या आठवणी दुसऱ्या कुणीतरी निवडून दिलेल्या असतात. उपाशी, तुम्ही ज्याला 'गाळीव' म्हणता त्यात गाळणारा कोण, हे कधी मनात आलं का?

मंगळवारचा_उपाशी
नाही आलं. या प्रतिसादाला माझ्याकडे उत्तर नाही.

लाल_माती, काल रात्री पिट्सबर्गची ती लढत पहिल्यांदा पूर्ण पाहिली. फोली स्ट्रेचरवरून उतरला तेव्हा मी उशी सोडून ताठ बसलो. तरी मधली दोन मिनिटं पुढे ढकललीच, खोटं कशाला बोलू.

लाल_माती
कुठली दोन?